टेक लीडचे काम शिकवावे लागते

मा. संपादक महोदय,
सविनय नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रोजगारविषयक पानांवर संगणक क्षेत्रातील नोकऱ्यांबद्दल जे लिहिले जाते, ते मी आवर्जून वाचते. कोणती प्रोग्रॅमिंग भाषा शिकावी, मुलाखतीची तयारी कशी करावी, किती वर्षांच्या अनुभवानंतर कोणते पद मिळते, याची माहिती त्यात असते. मात्र डेव्हलपरचा टेक लीड, म्हणजे टीमचा तांत्रिक नेता, होतो तेव्हा त्या माणसाच्या रोजच्या कामात नेमके काय बदलते, याबद्दल फारसे काही माझ्या वाचनात आलेले नाही. अकरा वर्षे कोड लिहिल्यानंतर आणि गेली सात वर्षे वेगवेगळ्या टीमचे तांत्रिक नेतृत्व केल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की, टेक लीडचे काम हे डेव्हलपरच्या कामाहून निराळे काम आहे आणि ते न शिकवताच माणसांच्या गळ्यात घालण्याची जी रीत आमच्या क्षेत्रात पडली आहे, तिच्यापायी चांगले डेव्हलपर हातचे जातात आणि जमलेल्या टीम विस्कटतात. त्याविषयी थोडे सविस्तर लिहिण्यासाठी हा पत्रप्रपंच.

हे पद मिळते कसे, ते आधी सांगते. वर्षअखेरीच्या अप्रेझलमध्ये ज्याचा कोड सर्वांत नेटका, जो अडलेले काम रात्री बसून सोडवतो आणि प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या प्रणालीत, बिघाड झाला की ज्याला पहिला फोन जातो, त्याचे नाव पुढे येते. पत्र हातात पडते, अभिनंदनाचे मेल येतात आणि सोमवारपासून तोच माणूस सहा किंवा आठ जणांच्या कामाला जबाबदार होतो. त्याच्या वाट्याचे कोडिंग मात्र कमी होत नाही. मॅनेजर निराळा असतो. रजा, पगार, भरती हे त्याच्याकडे राहते. म्हणजे टेक लीडच्या हाती अधिकार जवळजवळ काही नसतो आणि तरीही रचना चुकली, रिलीज लांबले किंवा एखादा सहकारी अडून बसला, तर विचारणा त्यालाच होते. अधिकाराविना काम करवून घेण्याची ही कला कोणत्याही अभ्यासक्रमात नसते, आणि ती आपोआप येईल असे सगळे गृहीत धरून चालतात. ती आपोआप येत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकते.

लीड झाल्यानंतर चौथ्या महिन्यातली गोष्ट आहे. आमच्या प्रणालीत बिले तयार करणारा एक भाग होता आणि तो जेमतेम दोन वर्षे अनुभव असलेल्या एका सहकाऱ्याकडे दिलेला होता. रिलीजला दोन दिवस उरले असताना रात्री नऊच्या सुमारास मी त्याची पुल रिक्वेस्ट, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेण्याआधी तपासायला पाठवलेला बदल, उघडली. बिल तयार करण्याआधी ते डेटाबेसमध्ये आहे का, हे त्याचा कोड तपासत होता आणि नसेल तर नवे बिल घालत होता. वरवर पाहता यात काही चूक नव्हती. परंतु एकाच व्यवहाराचा संदेश एकाच क्षणी दोनदा आला, तर दोन्ही प्रक्रियांना ‘बिल नाही’ असेच उत्तर मिळणार होते आणि दोन्ही प्रक्रिया एकेक बिल तयार करणार होत्या. ग्राहकाला दोन बिले गेली असती. मला हे दिसले आणि जुनी सवय उसळून वर आली. मी त्याला काही न कळवता ती फाइल उघडली, डेटाबेसमध्ये व्यवहाराच्या क्रमांकावर युनिक कन्स्ट्रेंट (तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदू न देणारे बंधन) घातले, भोवतालचा तीनएकशे ओळींचा कोड नव्याने लिहिला, टेस्ट चालवल्या आणि रात्री दीड वाजता सगळे मर्ज करून, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळून, झोपले. काम चोख झाल्याचे मला समाधान होते.

सकाळच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, त्याची पाळी आली तेव्हा तो इतकेच म्हणाला, “माझं काम झालेलं दिसतंय.” आवाजात राग नव्हता. मीही पुढच्या माणसाकडे वळले. त्यानंतर त्याच्या पुल रिक्वेस्ट लहान लहान होत गेल्या आणि प्रत्येकीत ‘हे बरोबर आहे का?’ असा प्रश्न असे. आधी जो मुलगा बैठकीत उठून फळ्यावर आकृत्या काढायचा, तो आता मी काय म्हणते याची वाट पाहू लागला. दोन महिन्यांनी मी रजेवर असताना त्याच बिलांच्या भागात एक किरकोळ बिघाड झाला आणि तो पूर्ण दिवसभर तसाच राहिला, कारण त्या फाइलला हात लावायला कोणी धजावेना. परत आल्यावर मी त्याच्याशी एकटीने बसून बोलले, तेव्हा तो म्हणाला, “तुम्ही मला नुसतं विचारलं असतंत, की दोन संदेश एकदम आले तर काय होईल, तर मी अर्ध्या दिवसात केलं असतं. आता त्या फाइलची भीती वाटते.”

त्या रात्री मी कोड दुरुस्त केला हे खरे, पण टीमचे जे नुकसान केले ते भरून यायला वर्ष गेले. तो एक प्रश्न पुल रिक्वेस्टखाली लिहायला मला दोन मिनिटे लागली असती. रिलीज कदाचित एका दिवसाने पुढे गेले असते. तशी परवानगी मागणे हेच त्या वेळी माझे काम होते आणि ते मी टाळले, कारण वरिष्ठांकडे एक दिवस मागण्यापेक्षा चार तास कोड लिहिणे मला सोपे वाटले. नव्या टेक लीडपैकी बहुतेकांचे गाडे इथेच अडते असे माझे निरीक्षण आहे. आपल्याला जे उत्तम येते त्याच्याकडे धाव घेणे आणि जे येत नाही ते लांबणीवर टाकणे, हा माणसाचा स्वभाव आहे. आणि कोड लिहिण्यात तर लगेच मिळणारे फळ असते. टेस्ट लाल (नापास) होती ती हिरवी झाली, दिवस सार्थकी लागला. लीडच्या कामाला असा हिरवा दिवा नसतो. आज एखाद्याला नीट समजावून सांगितलेल्या गोष्टीचा परिणाम सहा आठवड्यांनी, त्याने न विचारता घेतलेल्या एखाद्या योग्य निर्णयातून दिसतो आणि त्याचे श्रेय लीडला जात नाही, जाऊही नये. पहिले काही महिने रोज संध्याकाळी ‘आज आपण काहीच केले नाही’ असे वाटत राहते. ही भावना स्वाभाविक आहे, एवढे जरी कोणी आधी सांगितले असते, तरी मी त्या बिलांच्या फाइलपासून दूर राहिले असते असे मला वाटते.

लीडचा दिवस जातो कशात, हे एका साध्या हिशेबाने कळते. चार जणांच्या टीममध्ये दोघादोघांच्या जोड्या सहा होतात, आठ जणांत अठ्ठावीस आणि बारा जणांत सहासष्ट. म्हणजे माणसे तिप्पट झाली की परस्परांशी बोलण्याच्या वाटा अकरापट होतात. आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रचंड प्रकल्पाचे नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी हाच हिशेब १९७५ मध्ये मांडला आणि उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की तो आणखी लांबतो, असा निष्कर्ष काढला. त्याआधी १९६८ मध्ये संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी दाखवून दिले होते की, एखादी संस्था जी प्रणाली घडवते तिची रचना त्या संस्थेतील माणसांच्या आपसांतील संवादाच्या रचनेसारखीच होते. ही दोन्ही निरीक्षणे पन्नास वर्षांपूर्वीची असूनही रोज खरी ठरतात. दोन भागांच्या सांध्यावर काम करणाऱ्या दोघांचे एकमेकांशी बोलणे तुटले असेल, तर तो सांधा कोडमध्येही कच्चा राहतो. म्हणून कोणाला कोणाबरोबर कोणते काम द्यायचे हे ठरवताना लीड प्रत्यक्षात प्रणालीची रचनाच करत असतो, जरी त्याने त्या दिवशी कोडची एक ओळही लिहिली नसली तरी.

सांधा कच्चा राहिला तर काय होते, याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान. सप्टेंबर १९९९ मध्ये ते मंगळाजवळ पोचताच नष्ट झाले. एका बाजूचे सॉफ्टवेअर आवेगाची आकडेवारी पाउंड-सेकंदांत देत होते आणि दुसऱ्या बाजूचे ती न्यूटन-सेकंद समजून वापरत होते. दोहोंत जवळजवळ साडेचार पटींचा फरक आहे. आपापल्या जागी दोन्हीकडचा हिशेब धड होता. चूक मधल्या रेषेवर होती आणि संघांमधील संवाद अपुरा होता याकडेही चौकशी मंडळाने बोट दाखवले. त्या मधल्या रेषेवर उभे राहून ‘तुम्ही पाठवता तो आकडा कोणत्या एककात आहे?’ हे विचारणारा माणूस म्हणजे तांत्रिक नेता, अशी माझी व्याख्या आहे. हा प्रश्न विचारायला फार मोठी बुद्धिमत्ता लागत नाही. तो विचारण्याइतका वेळ आणि सवड मात्र लागते, आणि स्वतःच्या कोडमध्ये बुडालेल्या माणसाकडे नेमकी तीच नसते.

कोड रिव्ह्यूबद्दल, म्हणजे एकमेकांचा कोड तपासण्याबद्दल, थोडे अधिक लिहिते, कारण लीडचा सर्वाधिक प्रभाव तिथे पडतो आणि सर्वाधिक अपायही तिथेच होतो. डेव्हलपर असताना मी रिव्ह्यूमध्ये ‘हे चूक आहे, असे करा’ असे लिहीत असे आणि समोरचा बरोबरीचा असल्यामुळे तो वाद घाली. लीड झाल्यावर तेच वाक्य आज्ञा होते. वाद बंद होतो, सगळे माझ्याच ओंजळीने पाणी पिऊ लागतात आणि माझी चूक दाखवायला कोणी उरत नाही. आता मी तीन गोष्टी पाळते. जे खरोखर धोक्याचे आहे ते स्पष्टपणे ‘हे बदलल्याशिवाय मर्ज करू नये’ असे लिहिते आणि का ते सांगते. जी माझी केवळ आवड आहे, तिच्यापुढे ‘माझी पसंती, सोडून दिली तरी चालेल’ असे लिहिते. आणि शक्य तिथे विधानाऐवजी प्रश्न लिहिते, पण ज्याचे उत्तर मला खरोखर हवे आहे असाच. ‘तुम्हाला असे वाटत नाही का’ अशा थाटाचा प्रश्न हा आरोपच असतो आणि तो वाचणाऱ्याला बरोबर कळतो.

शब्दांचे वजन पदाबरोबर वाढते याचे फार मोठे उदाहरण आमच्या क्षेत्राने पाहिले आहे. १९९१ मध्ये लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणारे आणि २००५ मध्ये कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे गिट लिहिणारे लिनस टॉरव्हाल्ड्स गेली अनेक वर्षे स्वतः फार कमी कोड लिहितात. इतरांनी पाठवलेला कोड वाचणे, तो स्वीकारणे किंवा नाकारणे आणि मेलना उत्तरे देणे हेच आपले काम असल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. त्यांचे तांत्रिक निर्णय बहुधा अचूक असत, परंतु नाकारण्याची भाषा अतिशय बोचरी असे. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त करून कामातून काही काळ रजा घेतली आणि ते परत आले. जगातील असंख्य सर्व्हर आणि फोन ज्याच्या कामावर चालतात, त्या माणसालाही हा भाग नव्याने शिकावा लागला, याचे मला फार अप्रूप आहे. तेव्हा काल-परवा लीड झालेल्या आमच्यासारख्यांना तो जन्मजात यावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

बिघाडाच्या वेळी लीडची खरी कसोटी लागते. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका संध्याकाळी प्रॉडक्शन बंद पडले. मी ग्रुपवर पहिला प्रश्न टाकला, “हे कोणी केलं?” आणि दहा मिनिटे कोणी काहीही लिहिले नाही. ज्याने तासाभरापूर्वी एक सेटिंग बदलले होते, त्याला कारण ठाऊक होते. पण माझ्या प्रश्नाने त्याचे तोंड बंद केले होते. ती दहा मिनिटे मी वाया घालवली. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ‘गेल्या दोन तासांत काय काय बदललं?’ असा असतो आणि मीही काही बदलले असेल तर सर्वांत आधी ते सांगते. ऑगस्ट २०१२ मध्ये नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीचे अवघ्या पंचेचाळीस मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले, कारण आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोचवायचा राहून गेला होता आणि तिथे पडून असलेला जुना कोड जागा झाला. तेथील नियामकांनी नंतर नोंदवले की, डिप्लॉयमेंट (नवा कोड सर्व्हरवर चढवण्याचे काम) दुसऱ्या कोणी तंत्रज्ञाने तपासावे असा लेखी नियमच त्या कंपनीत नव्हता. ज्याच्या हातून तो आठवा सर्व्हर सुटला त्याला शिक्षा केल्याने नववा सर्व्हर सुटायचा राहत नाही. दुसऱ्या नजरेची सोय करणे हे काम लीडचे आहे, आणि ते बिघाड होण्याच्या कितीतरी आधी, कोणालाही निकड वाटत नसताना करायचे असते.

तांत्रिक नेत्याला आणखी एक भाषा शिकावी लागते, ती म्हणजे व्यवसायाच्या बाजूच्या लोकांची. “दोन आठवड्यांत होईल का?” या प्रश्नाला डेव्हलपर ‘होईल’ किंवा ‘नाही होणार’ असे उत्तर देतो. लीडला सांगता आले पाहिजे की, दोन आठवड्यांत यातला कोणता भाग होईल, कोणता राहील आणि घाईने केल्यास पुढे काय भोगावे लागेल. प्रोग्रॅमर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये अशा घाईला कर्जाची उपमा दिली आणि ‘टेक्निकल डेट’ (तांत्रिक कर्ज) हा शब्द तिथून रुळला. कर्ज काढणे वाईट नाही, पण ते काढले आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवे आणि हप्ता कोण कधी भरणार हे ठरलेले हवे. आमच्याकडे पुष्कळदा कर्ज काढणारा लीड दुसऱ्या प्रकल्पावर निघून जातो आणि व्याज फ्रेशर मुले भरत बसतात. म्हणून प्रत्येक मोठ्या निर्णयाची चार ओळींची नोंद कोडशेजारीच ठेवण्याचा मी आग्रह धरते: काय ठरले, कोणते पर्याय नाकारले, का नाकारले आणि कोणती परिस्थिती बदलली तर हा निर्णय पुन्हा पाहावा.

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे, म्हणजे चुकीच्या माणसाला किंवा योग्य माणसाला चुकीच्या पद्धतीने बढती देण्याकडे येते. माणसे बढती मिळत मिळत आपल्याला न झेपणाऱ्या पदापर्यंत पोचतात, हे लॉरेन्स पीटर यांनी १९६९ मध्ये लोकांपुढे आणले तेव्हा अनेकांनी ते विनोदाने घेतले. त्याची नीट तपासणी करणारा एक अर्थशास्त्रीय अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक अमेरिकी कंपन्यांतील विक्री विभागांच्या माहितीवरून त्यात असे दिसले की, जास्त विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता अधिक होती, आणि त्यांच्या हाताखालच्यांची विक्री मात्र तुलनेने घसरत होती. हा अभ्यास विक्रीचा आहे, सॉफ्टवेअरचा नाही, हे मी जाणते. पण ज्या कामात उत्तम त्याच कामातून उचलून दुसरीकडे बसवण्याची रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

मग व्यवस्थापनाची पायरीच नको, असे म्हणणारेही भेटतात. गूगलने २००२ मध्ये अभियंत्यांवरचे मॅनेजर काढून टाकण्याचा प्रयोग करून पाहिला आणि काही महिन्यांतच तो गुंडाळला. पुढे त्याच कंपनीने चांगला मॅनेजर कशाने होतो याचा आपल्याच माहितीवरून शोध घेतला, तेव्हा आठ गुण समोर आले. तांत्रिक ज्ञान त्यांत होते, पण आठव्या क्रमांकावर. पहिल्या क्रमांकावर होते चांगला मार्गदर्शक असणे. टेक लीडच्या बाबतीत तांत्रिक ज्ञान इतके खाली नेता येणार नाही असे माझे मत आहे. ज्याला कोड वाचता येत नाही, त्याच्या रचनेवर टीम विश्वास ठेवत नाही आणि ते योग्यच आहे. म्हणून मी अजूनही आठवड्यात पाच-सहा तास कोड लिहिते. फक्त ज्यासाठी कोणी खोळंबून बसलेले आहे, असे काम मी घेत नाही. कोणी न लिहिलेल्या टेस्ट, बिल्डला, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार व्हायला, लागणारा वेळ कमी करणे, वापरात नसलेला कोड काढून टाकणे, अशी कामे घेते. मधेच बैठकीला उठून जावे लागले तरी त्यामुळे कोणाचे काही अडत नाही.

या ठिकाणी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. अनेक टीममध्ये लीडचे अर्धे काम आधीच कोणीतरी करत असते. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात हाताशी धरणे, दोन टीममधला गैरसमज मिटवणे, बैठकीत ठरलेले लिहून सगळ्यांना पाठवणे, राहून गेलेल्या गोष्टीची आठवण करून देणे, ही सगळी नेतृत्वाचीच कामे आहेत. माझ्या पाहण्यात ती बहुतेक वेळा स्त्री सहकाऱ्यांच्या अंगावर पडली आहेत आणि अप्रेझलच्या वेळी ‘तुमचा कोड इतरांपेक्षा कमी दिसतो’ हेच त्यांना ऐकावे लागले आहे. मलाही एका वर्षी ते ऐकावे लागले होते. जी व्यक्ती हे काम बिनपदाचे चोख करते आहे, तिलाच बढतीच्या यादीतून वगळायचे आणि ज्याने ते कधीच केले नाही त्याला नेमायचे, हा अन्याय तर आहेच, शिवाय टीमचेही त्यात सरळ नुकसान आहे.

कंपन्यांनी करण्यासारख्या गोष्टी काही अवघड नाहीत. लीडची नेमणूक पहिले सहा महिने तात्पुरती असावी आणि त्यानंतर पगार व श्रेणी न गमावता डेव्हलपर म्हणून परत येण्याची वाट उघडी असावी. आज ती वाट कागदावरही क्वचितच असते. परत येणे म्हणजे पदावनती, आणि म्हणून न जमणारी माणसेही वर्षानुवर्षे तिथेच चिकटून राहतात किंवा कंपनी सोडून जातात. त्या सहा महिन्यांत वाट्याचे कोडिंग निम्म्यावर आणावे आणि दुसऱ्या टीममधला एखादा अनुभवी लीड सोबतीला द्यावा, ज्याच्याशी आठवड्यातून एकदा मोकळेपणाने बोलता येईल. माझ्या दुसऱ्या नोकरीत मला असा सोबती मिळाला. पहिल्याच भेटीत त्याने मला विचारले, “या आठवड्यात असं कोणतं काम होतं, जे तू केलंस पण दुसऱ्या कोणाला देता आलं असतं?” त्या एका प्रश्नाने मला जे शिकवले, ते दोन दिवसांच्या व्यवस्थापन प्रशिक्षणाने शिकवले नव्हते.

ज्यांना माणसांपेक्षा यंत्रणेच्याच खोलात जायचे आहे, त्यांच्यासाठी वेगळी आणि खरोखर बरोबरीची शिडी हवी. आयबीएमने तांत्रिक माणसांसाठी ‘फेलो’ हा सर्वोच्च सन्मान १९६२ मध्येच सुरू केला. म्हणजे ही कल्पना काही नवी नाही. स्टाफ इंजिनिअर, प्रिन्सिपल इंजिनिअर अशी वरिष्ठ तांत्रिक पदे आता पुष्कळ ठिकाणी आहेत, पण त्यांची संख्या पाहिली की दुसरी शिडी किती खरी आहे ते कळते. दहा मॅनेजरांमागे असा एकही इंजिनिअर नसेल, तर ती शिडी भिंतीवर काढलेले चित्र आहे. डेव्हलपर बंधुभगिनींनाही माझे सांगणे आहे की, लीडचे पद पुढे आले तर होकार देण्याआधी दोन-तीन आठवडे आपल्या लीडच्या सोबत त्याच्या बैठकींना बसावे, त्याचे कॅलेंडर पाहावे आणि असा दिवस आपल्याला आवडेल का, हे स्वतःला विचारावे. नको वाटले तर तसे सांगावे. नकार देणाऱ्याला महत्त्वाकांक्षा नाही असे म्हणण्याची पद्धत आहे आणि घरचेही कधी कधी विचारतात की अजून कोडच लिहिणार का. पण वीस वर्षे उत्तम कोड लिहिणारा माणूस कोणत्याही टीमसाठी मोठा आधार असतो, हे मी जवळून पाहिले आहे.

संपादक महोदय, आपल्या रोजगारविषयक पानांवर अशा पदांवरील लोकांच्या मुलाखती येतात तेव्हा त्यांना पगार आणि तंत्रज्ञानाबरोबरच दोन प्रश्न विचारले जावेत अशी माझी विनंती आहे: हे काम हाती घेतल्यावर तुम्ही काय करायचे सोडून दिले, आणि हे काम तुम्हाला कोणी शिकवले. त्यांची उत्तरे वाचून पुढच्या सोमवारी लीड होणाऱ्या कोणाला तरी निश्चित उपयोग होईल. माझ्याकडे येणाऱ्या नव्या लीडना पहिल्या सहा महिन्यांसाठी मी एक टिपण देते; ते आपल्या वाचकांच्या उपयोगाचे वाटल्यास आपल्याकडे पाठवण्यास मी तयार आहे.

आपली विश्वासू,
एक सॉफ्टवेअर अभियंता